पेढ्याआधी चिठ्ठी

३ जुलै १९९१

अंबरनाथच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काढून आजपासून उल्हासनगर कॅम्प चारला, मिरचंदानी मॅडमच्या प्रसूतिगृहात लागले. लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. एक मायक्रोस्कोप, एक फ्रीज आणि व्हरांड्यात उघडणारी एक खिडकी. शिरगावहून निघायचं म्हणजे आईला आता पोळ्या अर्धा तास आधी कराव्या लागणार. त्यावरून सकाळीच कुरबुर झाली.

मॅडम चांगल्या आहेत पण नियमांचं पुस्तक आहेत. "अंजना, रिपोर्ट पाकिटात, पाकीट माझ्या टेबलवर. खिडकीत कोणाला कुछ नहीं बताना. समझी?"

समजले. पण अंबरनाथला बायका दिवस गेलेत का हे बघायला माझ्याच खिडकीशी यायच्या. "अंजनाबाईंच्या हाताला गुण आहे" म्हणायच्या. जणू मूल मीच देत होते. निकाल मी सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी पेढे हजर. ती मजा पाकिटात कुठली?

एक लाल वहीही दाखवली. द्राक्षगर्भ झालेल्या बायकांची. पोटात बाळाऐवजी द्राक्षांसारखे घोस वाढतात, ते काढून टाकले तरी मागं काही राहून वाढत नाही ना, हे बघायला वर्षभर दर महिन्याला लघवी तपासायची. सध्या तिच्यात चार नावं आहेत. मॅडम म्हणाल्या, "ये चार मेरी नींद खराब करती हैं."

५ ऑगस्ट

मॅडम लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर इंदूरला गेल्या. त्यांच्या जागी एक डॉक्टर रोज तासभर येतात, सह्या करतात, चहा पितात, जातात. पाकिटं त्यांच्यासमोर ठेवली की विचारतात, "हे काय करायचं?" म्हणून आजपासून खिडकीत सांगायला लागले. मांजर घरात नसलं की उंदीर काय करतात ते आईनं लहानपणीच शिकवलंय.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज एक गोड. मांजर्लीहून सासू-सून आल्या होत्या, दोघी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या. सासू सुंदराबाई, शेतकरी बाई, आवाज असा की व्हरांडा भरला. "दोन महिनं झालं, पाळी नाय. बघा जरा." सून बकुळा मागं उभी. बावीस-तेवीसची असेल. बाटलीबरोबर तिनं एक चिठ्ठीही सरकवली, पण ती भिजून पापडासारखी झालेली. उलगडली असती तर फाटली असती, म्हणून रजिस्टरच्या पुठ्ठ्याखाली दाबून ठेवली.

स्लाइड केली. लघवीचा थेंब, औषधाचा थेंब, वरून दुधासारखा थेंब, आणि दोन मिनिटं हलवत राहायचं. दूध नासून कणी धरली तर दिवस नाहीत. नासलं नाही तर आहेत. हिचं इतकं गुळगुळीत राहिलं की मीच खूश झाले. खिडकीतून म्हटलं, "सुंदराबाई, तोंड गोड करा."

म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. सून मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "मॅडमनी बघायला नको?"

म्हटलं, "त्यात काय बघायचंय? मी सांगते ना."

लाजरी आहे बिचारी.

१३ ऑगस्ट

सुंदराबाई एवढ्या चिखलातून पुन्हा आली, फक्त पेढे द्यायला. पुडा टेबलावर ठेवून गेली असती तरी चाललं असतं. पण नाही. खिडकीतून हात आत घालून तिनं पेढा माझ्या तोंडात भरवला. म्हणाली, "तुज्या तोंडून बातमी आली, पैला तुला."

घरी आईला सांगितलं. आई कुकर लावत होती, ती थांबली. "स्वतःच्या हातानं भरवला? आडनाव ठाऊक होतं तिला?" म्हटलं, पाटीवर लिहिलंय की. आई म्हणाली, "आमच्या वेळी गावाला ओंजळ पुढं करायची आणि ते वरून टाकायचे." मग कुकरचं झाकण लावलं. मला मात्र दिवसभर त्या पेढ्याची चव येत होती.

१६ ऑगस्ट

रजिस्टर उघडलं तर पुठ्ठ्याखालची चिठ्ठी वाळून कडक झालेली. मॅडमचं अक्षर, इंग्रजीत. 'बकुळा नाथा, मांजर्ली. द्राक्षगर्भ, एप्रिलमध्ये काढला. दरमहा लघवी. निकाल फक्त मला दाखवणे.'

लाल वही काढली. तिसरं नाव बकुळा. मे, जून: दूध नासलं, म्हणजे निकाल चांगला. जुलै: आली नाही. ऑगस्टची जागा कोरी. ऑगस्ट मी नेहमीच्या रजिस्टरात, आनंदाच्या बातम्यांमध्ये लिहिलाय.

शांतपणे विचार करू या. खरंच दिवस गेले असतील. वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत असं सांगितलेलं असतं, पण बायका कुठं थांबतात? घरात सासू वाट बघत बसलेली. मी स्लाइड बरोबरच वाचली होती. दूध नासलं नव्हतंच.

उद्या मांजर्लीला जाऊन सांगते, डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणून. बदलापूर स्टेशनच्या पलीकडंच तर आहे.

१८ ऑगस्ट

उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलंय. काल जाता आलं नाही.

२३ ऑगस्ट

पाणी ओसरलं म्हणतात. पण रस्त्यात चिखल असणार. शिवाय जाऊन सांगायचं काय? पेढा खाल्ला तो परत घ्या? त्या म्हातारीच्या तोंडावरचं हसू मी जाऊन पुसायचं, तेही कदाचित उगाच. सोनोग्राफी करतीलच ना ते कधीतरी. चिठ्ठी या वहीत ठेवलीय, हरवायला नको म्हणून.

९ सप्टेंबर

मॅडम आल्या. नातू झालाय, बर्फी वाटली. दुपारी लाल वही मागितली. "मांजर्लीवाली बकुळा नहीं आयी?"

मी म्हटलं, "मांजर्लीत पाणी भरलं होतं, मॅडम."

ते खरंच आहे. मी खोटं काहीच बोलले नाही.

"एक कार्ड डाल दे उसको." लगेच लिहिलं. 'सौ. बकुळा यांस, सवडीप्रमाणे दवाखान्यात येऊन जावे.' उगाच घाबरवायला नको म्हणून 'सवडीप्रमाणे' लिहिलं. स्वतः नेऊन पेटीत टाकलं.

१० ऑक्टोबर

बदलापूरच्या बाजारात सुंदराबाई भेटली. मी भाजीच्या हातगाडीआड झाले होते, पण तिनं गाठलंच. सुनेची चोरओटी भरली म्हणाली, गुपचूप, घरातल्या घरात. "कार्ड आलंय तुमचा. सवडीनं या लिवलंय ना? भातकापणी झाली की येतो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोट लय दिसत नाय अजून. पण तू सांगितलंस, मंग मना काय घोर नाय."

मी म्हटलं, "लवकर या पण."

एवढंच म्हटलं. जवळ उभं राहून, दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. पिशवीत मेथीची जुडी होती, ती मी चुरगाळत राहिले आणि घरी येईपर्यंत तिची चटणी झाली.

१७ ऑक्टोबर

विजयादशमी. विहारात गेलो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला मी अडखळले. खोटं न बोलण्याचं शील. आई वळून बघायला लागली, तर मी खोकल्याचं नाटक केलं. म्हणजे विहारात, शील घेताना, खोटं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी पेढा खाल्लाय.

११ नोव्हेंबर, सोमवार

लिहवत नाही, पण लिहिते.

सकाळी बकुळाला रिक्षातून आणलं. नवरा नाथा अंबरनाथच्या कंपनीतून तसाच आलेला, अंगावर गणवेश. दिवाळीत खोकला सुरू झाला, काल रुमालावर रक्त आलं. मॅडमनी तपासलं आणि सरळ छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं. मला कळेना, गरोदर बाईचा एक्स-रे कसा काढतात? फोटो आला तेव्हा कळलं. दोन्ही फुप्फुसांवर पांढरे गोल डाग.

सोनोग्राफीत बाळ नाही. नव्हतंच.

माझ्याकडं लघवी आली. पाणी घालून दुप्पट पातळ केली, दूध गुळगुळीत. चौपट, आठपट, सोळापट, तरी गुळगुळीत. पाचशे बारापट पाणी घातलं तेव्हाही कणी धरेना. ऑगस्टमध्ये 'इतकं गुळगुळीत' म्हणून खूश झाले होते ती मी.

मॅडमनी नाथाला आणि सुंदराबाईला समोर बसवून समजावलं. "ये जो टेस्ट में दिखता है ना, ती खूण बाळाची नाही. वारेची आहे. वारेसारखं जे पोटात राहून गेलं, ते वाढलं, रक्तातून छातीत गेलं. कॅन्सरच म्हणा. पण हा बरा होणारा कॅन्सर आहे. इंजेक्शनं आहेत. आणि हीच खूण सांगते औषध लागू पडतंय की नाही. खूण उतरली, बीमारी उतरली." मग आवाज चढला. "लेकिन तुम लोग आये क्यों नहीं? कितनी बार बोला था, हर महिने आना! चार महिने घालवलेत तुम्ही!"

मी दारात स्लाइडचा ट्रे घेऊन उभी. सुंदराबाईनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता नाव घेणार.

ती म्हणाली, "चुकला आमचा. शेताची कामा व्हती."

म्हातारी फार घाबरली होती. तिला काही आठवलंच नसावं. मी ट्रे घेऊन आत आले आणि सुटले असं वाटलं. असं वाटलं याचीच आता शिसारी येतेय.

२ डिसेंबर

बकुळाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात इंजेक्शनं सुरू झाली. काही दिवस इंजेक्शनं, मग विश्रांती, मग पुन्हा. रक्तातली खूण ते तिथं मोजतात. पण मॅडमना धीर नाही. दर सोमवारी आपल्याकडंही लघवी तपासायला सांगितलीय. बाटली सुंदराबाई घेऊन येते. येताना रिकाम्या हातानं येत नाही, कधी वाल, कधी तांदळाची भाकरी. मी घेते. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागेल.

आज दोनशे छपन्नपटीला कणी धरली. पहिल्यांदाच उतरली. मी मायक्रोस्कोपवर डोकं टेकून रडले.

१६ डिसेंबर

बकुळाच्या तोंडात फोड आलेत औषधानं. तिखट चालत नाही, गरम चालत नाही. सुंदराबाई सांगत होती, "पेज पण झोंबते. माजाच पाप. पोर बोलत व्हती, आई, डाक्टरनीला दाखवू. मीच बोलली, कशाला?"

मी म्हटलं, "तुमचं कशाला पाप?"

पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. खिडकीशी आणखी दोन बायका उभ्या होत्या, म्हणून थांबले. असं मी स्वतःला सांगतेय. त्या नसत्या तरी थांबले असते.

आईला आज वहीत चिठ्ठी सापडली. तिला इंग्रजी येत नाही. विचारलं, "कुणाची गं?" म्हटलं, कामाची आहे. आईनं ती होती तशी घडी घालून परत ठेवली. म्हणाली, "कामाची आहे तर कामावर नको का?"

६ जानेवारी १९९२

बत्तीसपट.

२० जानेवारी

पुन्हा बत्तीसपट. उतरली नाही. मुंबईवाले म्हणाले, थांबू या. गेल्या सोमवारीही तेवढीच होती, तेव्हापासून मला जेवण जात नाही. आई विचारते, कोण लागते ती तुझी?

२७ जानेवारी

आठपट.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाणी न घालता, नुसती लघवी. दोन मिनिटं हलवली आणि दूध नासलं. स्वच्छ, जाड कणी. इतक्या वर्षांत नासलेल्या दुधाला बघून मी पहिल्यांदा हात जोडले.

मॅडम म्हणाल्या, "अभी नहीं. आपली स्लाइड मोठ्या भोकांची चाळण आहे, बारीक ते खाली जातं. मुंबईचं रक्त बोलेल तेव्हा खरं. किसी को कुछ नहीं बोलना." या वेळी मी कुणाला काही बोलले नाही.

२३ मार्च

मुंबईचं रक्त बोललं. तीन आठवडे ओळीनं खूण नाही. इंजेक्शनं बंद. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासणी, आणि वर्षभर पाळणा नाही.

तिघंही आले. बकुळाचे केस विरळ झालेत, पण आपल्या पायांनी चालत आली. मॅडमच्या खोलीत सुंदराबाईनं पुडा सोडला, पहिला पेढा उचलला आणि माझ्याकडं आली. "पैला तुला. दर सोमवारी तूच बघितलास."

तो हात माझ्या तोंडापर्यंत आला. मी म्हटलं, "थांबा." खाली जाऊन पिशवीतून वही आणली, चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर वाचली. मॅडमनी इंग्रजीत लिहिलेलं मी मराठीत सांगितलं. बारा ऑगस्टला ती माझ्या हातात आली हेही सांगितलं, आणि सोळा ऑगस्टला वाचली हेही. मॅडमनी विचारलं तेव्हा पाण्याचं कारण दिलं, कार्डात 'सवडीप्रमाणे' लिहिलं, सगळं.

नाथा खुर्चीवरून उठला आणि बाहेर निघून गेला.

सुंदराबाईच्या हातात पेढा तसाच. म्हणाली, "तू खिडकीत चुकीचा सांगितलास, ते मना त्याच दिवशी समजला, फोटो आला तवा. डाक्टरनी वरडली तवा मी तुजा नाव नाय घेतला. बोलली, चुकला आसंल पोरीचा, नोकरी जाईल. मानूस चुकतो." थोडं थांबली. "पन चिठ्ठी तुज्याकडं व्हती? बाजारात भेटलीस तवा पन व्हती?"

म्हटलं, "होती."

तिनं पेढा पुड्यात परत ठेवला. कागद दुमडला, दोरा गुंडाळला, गाठ मारली.

जाताना बकुळा दाराशी थांबली. मला वाटलं शिवी देईल. ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला, मॅडमनी बघायला नको का म्हणून. तुम्ही नको म्हणालात. मग मला वाटलं, मॅडमचंच काही चुकलं असेल."

म्हणजे मॅडमपेक्षा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. आणि मी वहीत लिहिलं होतं, लाजरी आहे बिचारी.

२४ मार्च

वाटलं होतं, मॅडम काढून टाकतील. त्यांनी लाल वही पुढं ओढली, ऑगस्टच्या कोऱ्या जागेत स्वतः लिहिलं, 'चिठ्ठी मिळाली. दाखवली नाही.' खाली माझी सही घेतली. मग चष्मा काढून बसल्या. "उस बुढिया को मैंने कितना डांटा, अंजना. ती ऐकून घेत होती. तुझ्यासाठी."

मी म्हटलं, नोकरी सोडते. म्हणाल्या, "सोडून जाशील, मग तुला बरं वाटेल. वो नहीं चाहिये मुझे. खिडकी बंद. काम चालू."

व्हरांड्याकडची खिडकी आज सुताराकडून खिळे मारून घेतली.

६ एप्रिल, सोमवार

बकुळा आली नाही.

१० एप्रिल

आली नाही. मॅडम म्हणाल्या, परत वर आलं तर ते आतल्या आत येतं, महिनाभर कळत नाही. माझ्यावरच्या रागानं त्यांनी येणं सोडलं आणि तेवढ्यात ते पुन्हा वाढलं तर? पहिल्यांदा निदान मला ठाऊक नव्हतं असं चार दिवस तरी म्हणता येत होतं.

१२ एप्रिल, रविवार

मांजर्लीला गेले. शिरगावातून निघाल्यापासून पाऊण तास लागला. पाऊण तास. ऑगस्टपासून मी या पाऊण तासाला घाबरत होते.

सुंदराबाई अंगणात वाल निवडत होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उन्हात उभी राहिले. म्हटलं, "माझ्यावर राग धरा, मी मरेपर्यंत धरा. पण तिची तपासणी चुकवू नका. दुसरीकडं करा हवी तर, अंबरनाथला करा, मी नाव देते. पण करा."

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग आत गेली, तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला. "उनातून आलीस. पानी पी."

पाणी प्यायले. गोड काही नव्हतं, आणि मागायला तोंडही नव्हतं.

तेवढ्यात बकुळा बाहेर आली. हातात लघवीची बाटली, घट्ट झाकण लावलेली, आणि मॅडमची नवी चिठ्ठी. म्हणजे तिनं सकाळीच तयारी करून ठेवली होती. बाटली पोचवायला नाथा सुट्टी घेणार होता उद्याची, म्हणाली. मी बाटलीकडं हात केला, तर तिनं ती मागं घेतली.

"आधी चिठ्ठी वाचा."

मी वाचली. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं, अंगणात, सुंदराबाईला ऐकू जाईल अशी. 'बकुळा नाथा, मांजर्ली. द्राक्षगर्भाचा कॅन्सर, उपचार पूर्ण. दरमहा लघवी. निकाल फक्त मला दाखवणे.'

"पुन्हा वाचा," बकुळा म्हणाली. पुन्हा वाचली. मग तिनं बाटली दिली.

१३ एप्रिल, सोमवार

उद्या जयंती, शिरगावात निळ्या पताका लागल्यात. आई पुरणाची डाळ भिजत घालतेय, आणि बकुळाचं काय आलं ते मी सांगत नाही म्हणून चिडलीय.

रात्रभर बर्फात ठेवलेली बाटली सकाळी लॅबमध्ये नेली. चिठ्ठी टेबलावर समोर लावली, मगच स्लाइड हातात घेतली. दोन मिनिटं हलवली. निकाल कागदावर लिहिला, कागद पाकिटात घातला, पाकीट वर मॅडमच्या टेबलावर ठेवून आले.

काय आलं ते इथं लिहीत नाही. ते आधी बकुळाला कळेल, मॅडमच्या तोंडून. दुपारचा डबा मी सगळा खाल्ला, एवढंच लिहिते.